चष्मा काढू नका: व्ह्यूफाइंडरचे कोपरे आणि अंधुक आकडे

नागपुरातल्याच मानेवाडा भागातल्या एका दादांनी विचारलंय, ते थोडक्यात असं: “वय ४६. निकॉन डी५६०० वापरलेला घेतला. चष्म्याचा नंबर दोन्ही डोळ्यांना उणे ३.५, शिवाय १.२५ सिलिंडर (एकाच दिशेचा नंबर). सहा महिन्यांपूर्वी चाळिशी लागली म्हणून प्रोग्रेसिव्ह काचा केल्या. व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून बघायच्या खिडकीत) चारही कोपरे एकदम दिसत नाहीत. खालचे आकडे कधी स्पष्ट, कधी अंधुक. मित्र म्हणतो चष्मा काढ आणि फाइंडरजवळची चकती फिरव. शेवटपर्यंत फिरवली तरी जमलं नाही. कॅमेरा खराब निघाला का? की लेसिक करून घेऊ?”

दादा, तुम्ही लिहिलंय त्यात कॅमेऱ्याचा बिघाड वाटावा असं मला काहीच दिसत नाही. मी २६ वर्षं नागपूर आणि आसपास लग्नांचे, मिरवणुकांचे आणि सवड मिळेल तेव्हा जंगलाचे फोटो काढतो. माझा स्वतःचा नंबर उणे ४.५ आहे, सिलिंडरही आहे आणि आता प्रोग्रेसिव्हही आहे. तुम्ही जे भोगताय ते सगळं मी भोगलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी प्रश्न नीट फोडू. तुमच्याकडे दोन अडचणी आहेत आणि तुमच्या मित्राने त्या एकच समजल्या. कोपरे न दिसणं ही अंतराची अडचण आहे: चष्म्यामुळे तुमचा डोळा फाइंडरपासून लांब राहतो. आकडे अंधुक दिसणं ही नंबराची अडचण आहे. चकती, म्हणजे डायऑप्टर, फक्त दुसरीवर काम करते. ती कितीही फिरवली तरी कोपरे उघडणार नाहीत.

कोपऱ्यांपासून सुरू करतो, कारण कॅमेरा घेताना तिथेच लोक फसतात. प्रत्येक फाइंडरमागे एक ठरावीक जागा असते. डोळा तिथपर्यंत किंवा त्याहून जवळ असला तर पूर्ण फ्रेम दिसते, मागे गेला की कडा कापल्या जायला लागतात. त्या अंतराला आयपॉइंट म्हणतात. कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत शेवटी तांत्रिक माहितीच्या पानांवर तो मिलिमीटरमध्ये दिलेला असतो. डी५६०० चा आयपॉइंट १७ मिलिमीटर आहे.

आता हिशेब करा. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ ते १४ मिलिमीटर पुढे असते. काचेची जाडी धरली की चष्म्याची बाहेरची बाजू १४-१५ मिलिमीटरवर येते. आयपॉइंट फाइंडरच्या काचेपासून मोजलेला असतो आणि ती काच रबराच्या कडेच्या आत थोडी खोल बसवलेली असते. चष्मा त्या रबराला टेकतो, आतल्या काचेला टेकत नाही. म्हणजे १७ पैकी काही मिलिमीटर रबरातच जातात. उरतं त्यात चष्मा आणि डोळा दोन्ही मावत नाहीत. तुमचे कोपरे तिथे हरवतात. चष्मा नसलेल्या माणसाला हाच कॅमेरा अगदी आरामात वापरता येतो, म्हणून दुकानदाराला तुमची तक्रार कळत नाही.

ही अडचण नवी नाही. निकॉनने १९८० साली एफ३ काढला आणि १९८२ मध्ये त्याचीच एफ३एचपी ही आवृत्ती आणली. एचपी म्हणजे हाय आयपॉइंट. तिच्यात डोळा सुमारे २५ मिलिमीटर लांब ठेवूनही पूर्ण फ्रेम दिसते. माझ्या गुरूंकडे तो कॅमेरा होता. चष्मा लावून मी पहिल्यांदा त्यातून पाहिलं तेव्हा खालचे आकडे आणि चारही कडा एका नजरेत दिसल्या. तोवर मला वाटायचं, माझ्याच डोळ्यांत काही कमी आहे.

पण त्या सोयीची किंमत होती. एचपी फाइंडरमध्ये चित्र साध्या एफ३ पेक्षा जरा लहान दिसतं. हा व्यवहार आजही तसाच आहे. चित्र मोठं दाखवायचं तर डोळा जवळ हवा; डोळा लांब चालवायचा तर एक तर चित्र लहान करा, नाही तर आतली भिंगं मोठी आणि महाग करा. पुस्तिकेत ०.७, ०.८ असे जे आकडे ‘मॅग्निफिकेशन’ म्हणून असतात ते याच चित्राच्या आकाराचे. त्यात एक गोम आहे. तुमच्या कॅमेऱ्याचा आकडा ०.८२ आणि फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) डी७५० चा ०.७, म्हणून तुमचा फाइंडर मोठा असं होत नाही. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी चिप, लहान आहे. निकॉनच्या लहान सेन्सरचा आकडा दीडने भागायचा, मग तुलना होते. तुमचा येतो ०.५५ च्या आसपास. म्हणजे तुमच्या फाइंडरमध्ये चित्रही लहान आणि आयपॉइंटही आखूड. चष्मेवाल्यासाठी हा फाइंडर अवघडच, पण वापरता येतो. कसा ते पुढे सांगतो.

आता मित्राचा सल्ला. चष्मा काढून चकतीने नंबर भरून काढायचा. कागदावर बरोबर वाटतो, तुमच्या बाबतीत तो मुळातच शक्य नाही. डी५६०० ची चकती उणे १.७ ते अधिक ०.५ एवढीच जाते. तुमचा नंबर उणे ३.५. म्हणून ती शेवटपर्यंत फिरवूनही जमलं नाही. निकॉनच्या फाइंडरवर बसवायच्या वेगळ्या नंबराच्या काचा मिळतात, त्यांनी नंबर पुरा होईलही. पण सिलिंडर राहतंच. चकती आणि त्या काचा सगळ्या दिशांना सारखाच बदल करतात, सिलिंडर मात्र एकाच दिशेला असतं. १.२५ सिलिंडर काही थोडं नाही. आडव्या रेषा स्पष्ट केल्या की उभ्या अंधुक होतील, किंवा उलट, आणि तुम्ही दिवसभर चकती मागेपुढे करत बसाल. सिलिंडर दुरुस्त करतो तो तुमचा चष्मा.

आणि समजा सिलिंडर नसतं, तरी मी चष्मा काढू नका म्हणूनच सांगितलं असतं. उणे ३.५ नंबरचा माणूस चष्म्याशिवाय सुमारे २९ सेंटीमीटरपर्यंतच स्पष्ट पाहतो (१ ला ३.५ ने भागा, मीटरमध्ये उत्तर मिळतं). माझं ते अंतर २२ सेंटीमीटर आहे. नवखा असताना मी एका लग्नात असाच चष्मा खिशात ठेवून काम करत होतो. फाइंडरमध्ये सप्तपदी दिसत होती. पण मंडपाच्या खांबाशी मुलीची आजी उभी होती, पदराने डोळे पुसत होती. ती मला दिसलीच नाही. मला तिथे एक रंगीत डाग दिसत होता. नंतर मुलीच्या वडिलांनी विचारलं, आईचा एखादा फोटो आलाय का हो? नव्हता आला. ते वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. निम्मा फोटो फाइंडरच्या बाहेर असतो. तो तुम्हाला चष्म्याशिवाय दिसणार नाही. आणि जंगलात जिप्सीत उभं राहून एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हाताने चष्मा चढव-उतरव करायची, तेवढ्यात वाघ रस्ता ओलांडून गेलेला असतो.

तर चष्मा लावूनच चकती लावायची. पद्धत अशी. कॅमेरा कोऱ्या भिंतीकडे किंवा आकाशाकडे धरा, सूर्याकडे अजिबात नाही. समोरच्या दृश्याकडे बघू नका. आतल्या फोकस बिंदूच्या चौकोनाकडे आणि खालच्या आकड्यांकडे बघा. चकती आधी अधिकच्या टोकाला न्या, सगळं अंधुक होईल. मग हळूहळू उणेकडे या आणि पहिल्यांदा जिथे रेघ धारदार दिसेल तिथेच थांबा. पुढे जाऊ नका. पुढेही काही अंतर सगळं स्पष्टच दिसेल, पण तेव्हा तुमच्या डोळ्याचा स्नायू जोर लावत असतो. तासाभराने डोकं दुखतं ते यामुळे. मध्ये डोळा उचलून खिडकीबाहेर लांब पाहा, परत येऊन तपासा.

तुमच्या वयाला हे जास्त महत्त्वाचं का, तेही सांगतो. बऱ्याच कॅमेऱ्यांत चकतीची मधली जागा उणे १ ला असते, म्हणजे फाइंडरमधलं चित्र डोळ्याला साधारण एक मीटरवर असल्यासारखं वाटतं. तरुण डोळा एक मीटरला न कळत जुळवून घेतो. चाळिशीनंतर तो जुळवतो, पण थकतो. तुमच्या चष्म्याचा दूरचा नंबर बरोबर असेल तर चकती शून्याच्या आसपास थांबेल, आणि तेवढी जागा तुमच्या कॅमेऱ्यात आहे.

राहिला ‘कधी स्पष्ट, कधी अंधुक’ हा प्रकार. चकतीला हात न लावता असं होत असेल तर माझा संशय थेट प्रोग्रेसिव्ह काचांवर आहे. या काचांत वरच्या भागात दूरचा नंबर आणि खाली उतरत वाचनाचा. कॅमेरा डोळ्याला लावताना त्याचं रबर चष्म्याच्या खालच्या कडेला लागतं आणि चष्मा थोडा वर उचलला जातो. लगेच तुमची नजर वाचनाच्या भागातून जायला लागते आणि फाइंडर अंधुक. पुढच्या वेळी चष्मा जागेवर राहिला तर स्पष्ट. माझ्या बाबतीत हे कळायला मला एक अख्खा लग्नसराईचा हंगाम लागला. मी लेन्स दुरुस्तीला देऊन आलो होतो, आणि दोष चष्मा उचलला जाण्याचा होता. उपाय असा: कॅमेरा आधी समोरून सरळ आणायचा, खालून वर घासत आणायचा नाही, आणि हनुवटी किंचित खाली ठेवायची.

मी स्वतः जंगलात आणि मिरवणुकीत नुसत्या दूरच्या नंबराचा दुसरा, साधा चष्मा वापरतो. प्रोग्रेसिव्हपेक्षा तो बराच स्वस्त पडतो आणि फाइंडरमध्ये कुठूनही पाहिलं तरी नंबर एकच. त्याने मागचा स्क्रीन वाचायला त्रास होतो, हे खरं. लग्नात स्क्रीन सारखा बघावा लागतो, तिथे मी प्रोग्रेसिव्हच लावतो. तुमचं काम कुठलं जास्त, त्यावर हे ठरवा.

चकतीबद्दल एक गैरसमज राहू नये. फाइंडर तुम्हाला अंधुक दिसतोय म्हणून फोटो अंधुक येत नाही. ऑटोफोकसमध्ये फोकस कॅमेरा स्वतः ठरवतो, तुमचा डोळा नाही. हाताने फोकस करणार असाल तेव्हाच चकती चुकली की फोटोही चुकतो.

आता आहे त्या कॅमेऱ्यात कोपरे कसे सांभाळायचे. पहिलं, चष्म्याच्या दुकानात जाऊन नाकावरचे पॅड वाकवून घ्या, म्हणजे काच डोळ्याच्या जितकी जवळ बसेल तितकी. पापण्या टेकू नयेत एवढंच बघायचं. पुढचा चष्मा कराल तेव्हा काचा लहान आणि सपाट घ्या. दोन मिलिमीटर वाचले तरी फरक कळतो, कारण तुमची सगळी अडचणच चार-पाच मिलिमीटरची आहे. मात्र काच जवळ आली की नंबराचा परिणाम किंचित बदलतो, तुमच्या-माझ्यासारख्या मोठ्या नंबरात तो जाणवू शकतो. तपासणी करणाऱ्याला आधी सांगून ठेवा.

दुसरं, डोळा सरकवायची सवय. लांबून खिडकीतून बाहेर बघताना उजवीकडचं झाड दिसत नसेल तर आपण डावीकडे सरकतो. इथेही तसंच. उजवी कड बघायची तर डोळा किंचित डावीकडे. मी फ्रेम ठरवताना आधी डावी कड, मग उजवी कड बघून घेतो आणि मग मधोमध येऊन क्षणाची वाट बघतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक महाल-इतवारीच्या गल्ल्यांतून जाते, तेव्हा दोन्ही बाजूंनी माणसं फ्रेममध्ये घुसत असतात. तिथे हे बघणं एका सेकंदात व्हावं लागतं, आणि सवयीने होतं. महिनाभर घरच्या दाराच्या चौकटीवर सराव करा, ती चारही बाजूंनी फ्रेममध्ये नेमकी बसवायची.

तिसरं, थोडी ढिली फ्रेम. तुमचा फाइंडर मुळात फ्रेमचा ९५ टक्के भागच दाखवतो, म्हणजे दिसतं त्यापेक्षा फोटोत जास्त येतं. सेन्सर २४ मेगापिक्सलचा आहे, कडेचं थोडं कापलं तर काही बिघडत नाही. पायाचा अंगठा कापला गेला तर तो मात्र परत जोडता येत नाही.

एवढं सांभाळलं तरी एक गोष्ट हटकून होते, ती नागपूरच्या उन्हात जास्त. चष्मेवाल्याच्या डोळ्याभोवती फट राहते आणि बाजूने ऊन फाइंडरमध्ये शिरतं. तुमच्यासारख्या आरशाच्या (डीएसएलआर) कॅमेऱ्यात प्रकाश मोजणारा सेन्सर फाइंडरच्या वाटेजवळच असतो. मागून आलेला उजेड तो समोरचा समजतो आणि फोटो काळपट येतो. फुटाळा तलावाच्या काठावर एका जोडप्याचे फोटो काढताना मावळतं ऊन माझ्या पाठीमागून येत होतं, आणि पाच-सहा फोटो असे काळपट आले. तेव्हापासून सूर्य पाठीशी असला की डावा हात कपाळाशी आडवा धरतो, नाही तर डोक्यावर टोपी पुढे ओढून घेतो. मऊ, मोठ्या रबराचा आयकपही बसवता येतो, पण घेताना चष्मा लावून बघा. काही आयकप इतके जाड असतात की डोळा आणखी मागे जातो आणि कोपरे आणखी कापले जातात. फाइंडरवर लावायचं चित्र मोठं करणारं भिंग तर तुम्ही घेऊच नका.

रबराचं आणखी एक. उन्हाळ्यात बंद गाडीत कॅमेरा ठेवला की आयकपचं रबर कडक होतं, चिरतं आणि आतलं प्लास्टिक चष्म्याच्या काचेला ओरखडे पाडतं. पेंच, उमरेड-कऱ्हांडला, ताडोबा कुठेही गेलात तरी जिप्सीची धूळ रबरावर बसतेच. आधी फुंकणीने धूळ उडवा, मगच पुसा. शर्टाच्या टोकाने कोरडं पुसलं की ती धूळच पॉलिश पेपरसारखी घासते. रंग बदलणाऱ्या काचा जंगलात मला आवडत नाहीत, उन्हात त्या काळ्या झाल्या की फाइंडर अंधारा वाटतो. पोलराइज्ड गॉगल लावून मागचा स्क्रीन बघितला तर कॅमेरा एका दिशेला वळवल्यावर तो काळा पडल्यासारखा दिसू शकतो, तेव्हा घाबरू नका.

कॉन्टॅक्ट लेन्सचं विचारलं नाहीत, पण विचाराल. त्याने कोपऱ्यांचा प्रश्न पूर्ण सुटतो. धूळ आणि मे महिन्यातली कोरडी हवा मला मानवली नाही, काही सहकाऱ्यांना मानवते. लेसिकचा निर्णय डोळ्यांच्या डॉक्टरांचा, त्यात मी पडणार नाही. एवढंच सांगतो की लेसिकने दूरचा नंबर गेला तरी चाळिशी जात नाही. मागचा स्क्रीन वाचायला चष्मा लागणारच. नुसत्या फाइंडरसाठी डोळ्यावर शस्त्रक्रिया करू नये असं माझं ठाम मत आहे.

पुढे कधी कॅमेरा बदलाल तेव्हा आयपॉइंट आधी बघा. माझ्या अनुभवात २१ मिलिमीटरपासून पुढे चष्मेवाल्याला श्वास घ्यायला जागा मिळते. डी७५० चा २१, कॅनन ८०डी चा २२. आरसा नसलेल्या (मिररलेस) कॅमेऱ्यांत निकॉन झेड६ चा २१, कॅनन आर६ चा २३. सोनी ए७ थ्री चाही २३, पण तो काचेपासून. बाहेरच्या कडेपासून सोनी स्वतःच १८.५ सांगते. रबरात जाणाऱ्या मिलिमीटरबद्दल मी वर म्हटलं ते हेच. उलट डी८५० सारखा उत्तम आणि महाग कॅमेरा, त्याचाही आयपॉइंट १७ च आहे. किंमत वाढली म्हणून चष्म्याची सोय वाढते असं नाही.

आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत आपल्यासाठी आणखी दोन सोयी आहेत. काहींमध्ये फाइंडरमधलं चित्रच लहान करता येतं. पॅनासॉनिक जी९ मध्ये ०.८३ वरून ०.७७ किंवा ०.७ वर आणता येतं. चित्र लहान झालं की कोपरे आत येतात. आणि काढलेला फोटो व मेनू फाइंडरमध्येच बघता येतो, तोही दूरच्या नंबरातून, म्हणजे चाळिशी असून वाचनाच्या काचेची गरज पडत नाही. नाक मागच्या स्क्रीनला लागून फोकस बिंदू पळत असेल तर स्क्रीनचा टच बंद करा, डाव्या डोळ्याने बघणाऱ्यांना हे फार होतं. आणि असा कॅमेरा फाइंडर सूर्याकडे करून कधीही ठेवू नका. मागचं भिंग ऊन आतल्या छोट्या स्क्रीनवर एकवटतं आणि तो कायमचा जळतो.

दुकानात जाताना स्वतःचा रोजचा चष्मा लावून जा. सीताबर्डी असो की सदर, कॅमेरा डोळ्याला लावा आणि दुकानाच्या दारावरची पाटी फ्रेममध्ये बसवा. डोळा न हलवता चार कोपरे आणि खालचे आकडे एकदम दिसतात का बघा. मग कॅमेरा उभा धरून तेच परत करा, उभ्यात नाक आणि चष्मा वेगळ्या जागी टेकतात. आकडे अंधुक वाटले तर दुकानदाराला विचारून चकती फिरवा. बहुतेक वेळा ती आधीच्या गिऱ्हाइकाच्या डोळ्याला लावलेली असते.